कोयनेच्या खोऱ्यात उपटलेलं भात

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार माझ्या थोरल्या वहिनीचे आहेत. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं भात, धरण आणि एस.टी.ची गाडी यांच्या गडबडीत ते राहून जाण्याचा संभव आहे.

वहिनी लग्न होऊन आमच्या घरी आली तेव्हा मी तिसरीत होतो. आमचं गाव सांगली जिल्ह्याच्या पूर्वेला, जतच्याही पुढं. चौथी झाली की मी शाळा सोडायची आणि दादाबरोबर रोजगाराला जायचं, असं घरात ठरलेलं होतं. वहिनी म्हणाली, त्याच्या वाटणीचं काम मी करते. दादानं विचारलं, कशापायी? ती म्हणाली, "त्येच्याकडं शेरडं दिली तर त्यो शेरडं हरवतो. शिकला न्हाई तर करंल काय?"

तोवर माझ्या हातून दोन शेरडं हरवली होती, त्यामुळं या कारणात मला काही खोट काढता आली नाही. पुढं अकरा-बारा वर्षं तिनं स्वतःचं आणि माझं, अशी दोघांची कामं केली. आम्ही बौद्ध झालो त्या सालात आमच्या वस्तीतल्या घरांनी देव्हाऱ्यातले देव गोळा करून ओढ्यात सोडले. वहिनीनं त्यांच्याबरोबर माझी शेरडं राखायची काठीही सोडली.

मी बोर्डिंगात राहून मॅट्रिक झालो, मग शेतकी कॉलेजात जाऊन बी.एस्सी. झालो. आमच्या वस्तीतला पहिला पदवीधर. सांगलीच्या एका सरकारी कार्यालयात मला शेती विस्तार अधिकाऱ्याची जागा मिळाली. जागा टेंपरवारी होती. वर्षभर काम बघून साहेब शेरा मारणार आणि मग कायम केल्याचा कागद येणार, अशी पद्धत होती.

त्या कागदाची वाट माझ्यापेक्षा वहिनी जास्त पाहत होती. त्याचं कारण तिची मुलगी. पोरगी तेरा वर्षांची, सातवी पास झालेली. गावात शाळा सातवीपर्यंतच, त्यामुळं जूनपासून ती घरी बसून होती. वहिनीचं म्हणणं, तिला सांगलीला काकाकडं ठेवू, हायस्कुलात घालू. दादाचं म्हणणं वेगळं होतं. तो म्हणाला, "त्येची नोकरी कायम हुं दे, मग पाठवू. टेंपरवारी माणसाच्या घरात पोरगी ठिवायची आणि उद्या दोघं बी माघारी आली, मंग काय करायचं?" शिवाय मिरजेच्या रेल्वे यार्डात कामाला असलेला एक मुलगा सांगून आला होता. मुलगा कायम होता. माघात ते लोक पोरगी पाहायला येणार होते.

दिवाळीला घरी गेलो तेव्हा वहिनीनं मला भाकरी वाढता वाढता सांगितलं, "माघाच्या आत कागद आण."  मी बरं म्हणालो आणि सांगलीला आलो. आलो त्याच दिवशी साहेबांनी मला सहलीचं परिपत्रक दिलं.

दुष्काळी भागातल्या प्रगतिशील शेतकऱ्यांना सातारा जिल्ह्याचा डोंगरी भाग आणि तिथली शेती दाखवून आणायची, अशी ती योजना होती. प्रगतिशील कोणाला म्हणावं, हे परिपत्रकात लिहिलेलं नव्हतं. बावीस जागा होत्या आणि बावीसच अर्ज आले, त्यामुळं ते बावीस जण प्रगतिशील ठरले. चार दिवस, सात ठिकाणं. प्रत्येक ठिकाणच्या प्रमुखानं सहलीच्या वहीत सही करायची. सातवं ठिकाण कोयनानगरचं धरण. त्याचा पास आधी काढावा लागे. आमचा पास चौथ्या दिवशी सकाळी अकराचा होता.

साहेब म्हणाले, "कोयना हे मुख्य ठिकाण आहे. बाकीची सहा नसती तरी चाललं असतं. वही पूर्ण करून आणा. तुमच्या कागदावरचा शेरा मी या सहलीवरूनच मारणार आहे."

मी वहीला खाकी कागदाचं वेष्टण घातलं.

कार्तिकातल्या एका सकाळी सांगलीहून एस.टी.ची खास गाडी निघाली. बावीस जणांत सगळ्यात वडील होते ते जतकडचे एक साठीतले शेतकरी. सगळे त्यांना आण्णा म्हणत. त्यांचा पटका मोठा होता आणि बोलणं थोडं होतं. त्यांच्या उलट एक तिशीतला गडी होता. बावीस जणांत विहिरीवर ऑइल इंजिन असलेला तो एकटाच, म्हणून गाडी कऱ्हाडला पोचायच्या आत त्याचं नाव इंजिनवाला पडलं. त्याला ते आवडलं होतं.

पहिल्या मुक्कामी साताऱ्यात मी ड्रायव्हरबरोबर वेगळा जेवलो. तसं मला कोणी सांगितलं नव्हतं. सवय होती.

वाईला कृष्णेच्या घाटावर सगळे उतरले. आण्णा पायरीवर उभे राहून नदीकडं बराच वेळ पाहत होते. मग त्यांनी मला विचारलं, "सायेब, हीच कृष्णा सांगलीला येती व्हय?"

"व्हय, हीच."

"मंग ही सांगलीतच बगितली आसती. हितवर आणायचं काय कारण?"

मी सांगितलं की इथं नदी उगमाच्या जवळ आहे. आण्णा म्हणाले, "आमच्याकडं ती कवा येणार, त्ये कुठल्या गावाला कळंल?" हे माझ्याजवळच्या माहितीपत्रकात नव्हतं.

घाट चढून पाचगणीला गेलो. गणवेशातली बोर्डिंगची मुलं इंग्रजी बोलत चालली होती. इंजिनवाला त्यांच्यामागं थोडं अंतर गेला आणि परत येऊन म्हणाला, "एक बी शबूद कळला न्हाई. पर भांडतात आपल्यावानीच." मग आम्ही टेबललँडवर गेलो. मैलभर सपाट माळ, खडक आणि वाळलेलं गवत. तीन दिवसांच्या हिरव्या डोंगरांत मंडळींना पहिल्यांदाच ओळखीची जमीन दिसली. सगळे खाली बसले, पान-तंबाखूच्या चंच्या सोडल्या, आणि तिथून उठायला तयार होईनात. "ह्यो आमचा माळ हाय," एक जण म्हणाला, "हितं कसा आला?"

एका बागेत स्ट्रॉबेरीचे वाफे दाखवले. हंगाम अजून लागायचा होता. एकाच रोपाला एक पिकलेलं फळ होतं. मालक भला माणूस, त्यानं ते तोडून आण्णांच्या हातावर ठेवलं. आण्णांनी चाकूनं त्याचे चार भाग केले आणि ज्यांना पाहिजे त्यांनी घ्या म्हणाले. इंजिनवाल्यानं एक भाग खाल्ला. मालकानं विचारलं, कसं लागलं?

"बोरापरीस नाजूक हाय," तो म्हणाला, "पर बोराला कुणी बिछाना घालत न्हाई." वाफ्यात रोपांखाली वाळलं गवत पसरलेलं होतं, त्यावरून तो बोलला. मालकानं वहीत सही केली. अशा रीतीनं तिसऱ्या दिवसाच्या शेवटी वहीत सहा सह्या झाल्या. मी त्या मोजून वही पिशवीत ठेवली आणि पिशवी उशाला घेतली.

चौथ्या दिवशी साताऱ्याहून लवकर निघालो. उंब्रजवरून वळून पाटणच्या रस्त्याला लागलो. पाटण सोडलं की दोन्हीकडचे डोंगर जवळ येतात आणि रस्ता नदी धरून चालतो. उतारावर पायऱ्यांसारखी भाताची खाचरं होती. बरीच कापून झाली होती, काही पिवळी उभी होती. धरण आता सात-आठ मैलांवर होतं आणि घड्याळात नऊ वाजले होते. एवढा वेळ हाताशी ठेवल्याबद्दल मी मनात स्वतःला शाबासकी दिली.

तेवढ्यात ढग आले. डोंगरावरून काळे ढग खाली सरकले आणि खोऱ्यात अंधारून आलं.  बावीसच्या बावीस जण खिडक्यांतून बाहेर बघू लागले, ढगांकडं नव्हे, खाचरांकडं.

ज्यांच्या गावाला पाऊस मागूनही मिळत नाही, त्यांना पिकलेल्या धान्यावर आलेला पाऊस बघवत नाही. हे मी समजून सांगू शकतो, कारण मलाही बघवलं नाही. रस्त्याच्या वरच्या अंगाला दोन उभी खाचरं होती, पिकून आडवी व्हायला आलेली. खूप खाली, नदीच्या बाजूला, दोन बायका वाकून कापणी करत होत्या. आणखी कोणी नव्हतं.

आण्णा म्हणाले, "गाडी थांबवा."

मी म्हणालो, "आण्णा, अकराचा पास हाय."

"धरण कुटं पळून जातंय? भात जाईल." ते उठून दारापाशी गेले. ड्रायव्हरनं माझ्याकडं पाहिलं. मी आण्णांकडं पाहिलं. गाडी थांबली.

आमच्याकडं पैरा असतो. सुगीत एकमेकांच्या रानात जाऊन काम करायचं आणि ते कामानंच फेडायचं. त्यात विचारायची पद्धत नसते. ज्याचं धान्य रानात आणि आभाळ भरलेलं, त्याच्या रानात माणसं आपण होऊन शिरतात. तरी इंजिनवाल्यानं बांधावर उभं राहून त्या बायकांना हाक मारली, "येतोय गं आमी." त्यातली म्हातारी उभी राहिली आणि दोन्ही हात जोरात हलवू लागली. आम्हाला वाटलं, या म्हणते आहे.

बावीस माणसं खाचरात उतरली. मी कागदपत्रांची पिशवी बांधावर ठेवली, प्यांट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि तेविसावा उतरलो. इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या भागातलं मुख्य पीक शाळू, म्हणजे हिवाळी ज्वारी. शाळू कापत नाहीत, उपटतात. कंबरेत वाकायचं, दोन्ही हातांनी ताटं धरायची, झटका द्यायचा, की मुळासकट वर. लहानपणापासून ज्यानं हे केलं आहे, त्याच्या हाताला दुसरं काही सुचतच नाही. कॉलेजात भाताच्या विषयात मला चांगले गुण होते. कापणीवरची पाच वाक्यं मला तोंडपाठ होती. पण त्या वेळी वाक्यं आठवली नाहीत. हात शाळवाचे होते.

आम्ही भात उपटलं. चिखल ओला होता, त्यामुळं शाळवापेक्षा सोपं गेलं. नुसता सपसप आवाज येत होता. अर्ध्या तासात एक सबंध खाचर मोकळं झालं आणि दुसऱ्याला हात लागला. पंधरा माणसांचं दिवसभराचं काम आम्ही अर्ध्या तासात करत होतो, असं मला वाटलं आणि अहवालात हे कुठल्या रकान्यात लिहावं याचा मी विचार करू लागलो.

तेवढ्यात म्हातारी वर येऊन पोचली. पाठोपाठ तिची सून. म्हातारीला दम लागला होता. तिनं आधी रिकाम्या खाचराकडं पाहिलं, मग बांधावरच्या ढिगाकडं.

"आवं, ह्ये काय केलासा?" ती म्हणाली. "भात उपटत्यात व्हय कुटं?"

आण्णा म्हणाले, "मंग काय करत्यात, आक्का?"

"कापत्यात."

आण्णांनी हातातल्या मुठीकडं पाहिलं. मुळांना वीतभर काळा चिखल होता आणि तो खालच्या मुठीच्या लोंब्यांवर ठिबकत होता. "आमच्यात शाळू उपटतो," ते हळू म्हणाले.

"त्यो तुमचा शाळू. ह्ये आता झोडपलं की भातात समदी मातीच यायची. साळीबरोबर खडं भरडायचं व्हय आमी?" तिची नजर माझ्याकडं वळली. "ह्यो प्यांटवाला कोण?"

"आमचं सायेब हायती," इंजिनवाला म्हणाला. "शेतीचंच शिकल्यात. बी.एस्सी."

"आन त्येंनी बी उपटलं?"

"व्हय की. आमच्यापरीस जरा जास्तच."

सून तोंडाला पदर लावून वळली. म्हातारी मात्र हसली नाही. मी तिला विचारलं, "मावशी, तुमी हात कशाला हलवत हुता मग?"

"नका, नका म्हणत हुते."

मग आण्णांनी ढगांकडं बोट दाखवलं आणि आम्ही का उतरलो ते सांगितलं. म्हातारीनं वर पाहिलंसुद्धा नाही. "ह्ये ढग पडत न्हाईत. ह्यो वरचा वारा हाय, दुपारपातूर निगून जातोय. मला इचारलं आसतं तर सांगितलं आसतं."

घड्याळात दहा वाजून गेले होते. आत्ता गाडीत बसलो असतो तर अकराला धरणावर पोचलो असतो. मी तसं बोलूनही दाखवलं. कोणी हललं नाही. आण्णा म्हणाले, "सायेब, रान नासवून धरण बगायला जायाचं म्हंजी चांगलं दिसत न्हाई." मी माझ्या पिशवीकडं पाहिलं. पिशवीत वही होती, वहीत सातवं पान कोरं होतं आणि त्या पानाला माझी पुतणी टांगलेली होती. हे आण्णांना सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. एक तर ते खरंच बोलत होते, आणि त्या ढिगातला निदान विसावा हिस्सा मी स्वतः उपटलेला होता.

म्हातारीच्या घरातून आणि शेजारच्या घरांतून मिळून सहा विळे आले. सहा जण विळे घेऊन बसले आणि एकेक मूठ धरून मुळं छाटू लागले. बाकीच्यांनी ओढ्यावर नेऊन ताटांचा चिखल धुतला, लोंब्या पाण्याला न लावता. हे काम उपटण्याच्या चौपट वेळ खातं. पुढच्या खाचरात सुनेनं आम्हाला कापणी शिकवली. विळा कसा धरायचा, मूठ कुठं धरायची, पेंढी कशी टाकायची. माझी मूठ तिनं दोनदा सोडवून परत धरायला लावली. "सायेब, बोट मदी येतंय. बोट पायजे न्हवं?" पाच वाक्यांत बोटाचा उल्लेख नव्हता.

बारा वाजता ऊन पडलं. ढग निघून गेले होते.

सुनेनं घरून पाण्याची कळशी आणि तांब्या आणला. माझी पाळी आली तेव्हा मी सवयीनं ओंजळ पुढं केली. आमच्या गावी आम्हाला पाणी असंच वरून ओततात. म्हातारीला ते ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, "हाताला माती लागलीया. तांब्यानंच पी की," आणि तांब्या माझ्या हातात दिला. बावीस जणांना ठाऊक होतं.  मी प्यालो. माझ्यानंतर आण्णांची पाळी होती. त्यांनी तांब्या घेतला, थोडा वेळ धरला आणि तोंडाला लावला. मग म्हणाले, "पाणी ग्वाड हाय."

सावलीला बसलो असताना मी म्हातारीला विचारलं, घरात गडीमाणूस कोणी नाही का?

"दोन ल्योक हायती. मुंबईला, गिरणीत."

"सुगीला येत न्हाईत?"

"आदी यायचं. टेंपरवारी हुतं तवा दर सुगीला यायचं, म्हयनाभर ऱ्हायाचं. आता दोघं बी कायम झाल्यात." तिनं पायाला लागलेला चिखल नखानं काढला. "रजा मिळत न्हाई."

इंजिनवाला म्हणाला, "म्हंजी चांगलंच झालं की मावशे."

"वाईट कोण म्हणतंय? पत्र येतंया."

दुपारी दोनला दुसरं खाचर पुरं झालं. आण्णांनी मला वही काढायला लावली. ते म्हणाले, "सा ठिकाणी नुस्तं बगितलं. हितं शिकलो. हितली सही घ्या." म्हातारीला सही येत नव्हती. शाईची उशी नव्हती, म्हणून मी फाउंटन पेन तिच्या अंगठ्यावर झटकलं आणि तिनं सहाव्या सहीच्या पुढच्या पानावर अंगठा उठवला. जाताना आण्णा तिला म्हणाले, "आक्का, पैरा झाला बरं का. फेडायला शाळवाला आमच्याकडं यायचं." ती म्हणाली, "येती की. पर म्या कापणार, आदीच सांगती."

धरणाच्या फाटकावर आम्ही अडीचला पोचलो. पहारेकऱ्यानं पास पाहिला. "ह्यो अकराचा हाय."

"आमी बी अकराचंच हाय," आण्णा म्हणाले. "वाटंत जरा गुतलो."

पहारेकरी नियमानं वागला, त्याला दोष नाही. आम्ही परत रस्त्यावर येऊन वळणावरून धरण पाहिलं. भिंत आणि तिच्या मागं डोंगराडोंगरांत शिरलेलं पाणी. एवढं पाणी एका जागी त्यांच्यापैकी कोणीच पाहिलेलं नव्हतं.  मग आण्णांनी विचारलं, "ह्ये पाणी जातंय कुटं?"

मी माहितीपत्रकातलं सांगितलं. डोंगराच्या पोटातून बोगदा आहे. त्यातून पाणी पलीकडं कोकणाच्या अंगाला पडतं, तिथं वीज होते, आणि मग ते पुढं समुद्राला मिळतं.

"समुद्राला कशापायी?" आण्णा म्हणाले. "त्येला कमी पडतंय व्हय?"

परतीच्या वाटेवर इंजिनवाला माझ्या शेजारी येऊन बसला. गाडीत एव्हाना सगळ्यांना कळलं होतं की वहीत एक सही कमी आहे. तो म्हणाला, "सायेब, मी मारतो की एक सही. इंग्रजीत मारतो. कोण बगतंय?" त्याची सही खरंच चांगली होती, त्यानं विडीच्या पाकिटावर करून दाखवली. मी नको म्हणालो. यात माझा मोठेपणा काही नाही. खोटी सही पचवायला जो धीर लागतो, तो माझ्यात नव्हता.

सोमवारी मी साहेबांपुढं वही ठेवली. त्यांनी एकेक पान उलटलं आणि शेवटच्या पानावर थांबले.

"हा अंगठा कोणत्या अधिकाऱ्याचा?"

"अधिकारी नाहीत सर. भात पिकवणारी बाई आहे."

"यादीत आहे?"

"नाही."

"आणि धरणाची सही?"

"धरण बाहेरून पाहिलं."

त्यांनी मला लेखी खुलासा द्यायला सांगितलं. मी दीड पानांचा खुलासा लिहिला. त्यात 'प्रथम भात उपटण्यात आले, नंतर चूक लक्षात आल्यावर उर्वरित भात कापण्यात आले' असं वाक्य होतं. साहेबांनी ते दोनदा वाचलं. साहेब कोकणातले होते, त्यामुळं भाताबद्दल त्यांना जरा जास्तच वाटलं.

"तुम्ही बी.एस्सी. ॲग्री ना?"

"होय सर."

"भात उपटतात?"

"नाही सर."

त्यांनी पेनाचं टोपण काढलं. माणूस वाईट नव्हता. शेऱ्यात त्यांनी लिहिलं: कर्मचारी प्रामाणिक आहे, परंतु कार्यक्रमावर नियंत्रण नाही. परिवीक्षेची मुदत सहा महिने वाढवावी. मला वाचायला देऊन ते म्हणाले, "सहा महिन्यांनी पुन्हा बघू. तोवर कशालाही हात लावायच्या आधी विचारत जा."

सहा महिने म्हणजे जवळजवळ जून. माघ तिसऱ्या महिन्यावर आला होता.

त्या दिवशी संध्याकाळी कार्यालय सुटल्यावर मी खोलीवर गेलो नाही. मुलींच्या एका हायस्कुलाच्या मुख्याध्यापक बाई शाळेतच राहत असत, त्यांना जाऊन भेटलो. मग माझ्या घरमालकीणबाईंशी बोललो. मग पत्र लिहायला बसलो. कार्यालयात कार्बन घालून लिहायची सवय लागली होती, म्हणून त्याची प्रत माझ्याजवळ राहिली. वहिनी आपल्या मुलीच्या पाटीवर अक्षरं शिकलेली. तिला मोठं अक्षर आणि लहान वाक्यं लागत. पत्र असं होतं:

वहिनीस जयभीम.

मी बरा आहे. कागद आला नाही. साहेबांनी सहा महिने पुढं ढकलला आहे. त्यात चूक माझीच झाली. काय झालं ते समोर बसून सांगेन. तू हसशील. दादा हसणार नाही.

तू माघाच्या आत कागद आण म्हणालीस. मी बरं म्हणालो. ते माझ्याकडून झालं नाही. पण पोरीला कागदासाठी थांबवायचं नाही, असं मला वाटतं. कागद कधी येईल ते मला सांगता येत नाही. तिचं वय मात्र थांबणार नाही.

मी आज शाळेच्या बाईंना भेटलो. त्या म्हणाल्या, आता आणलीत तरी आठवीत बसवून घेते. अर्धं वर्ष गेलं आहे. नापास झाली तर पुन्हा त्याच वर्गात बसेल. मी म्हणालो, चालेल. माझ्या खोलीच्या मालकीणबाई एकट्या असतात. पोरगी रात्री त्यांच्याजवळ निजेल. मी त्यांना आपली जात आधी सांगितली. त्यांनी थोडा वेळ घेतला आणि मग हो म्हणाल्या.

मला सहा महिन्यांनी काढलं, तर मी सांगली सोडणार नाही. शिकवण्या करीन. मार्केट यार्डात लिहिण्याचं काम मिळतं, ते करीन. पोरगी मॅट्रिक होईपर्यंत तिची जबाबदारी माझी. हे मी लिहून देतो, म्हणजे दादाला दाखवता येईल. दादा विचारील, कोणाला विचारून ठरवलं. सांग, त्याचं त्यानंच ठरवलं. राग माझ्यावर येऊ दे.

मिरजेच्या लोकांना दादानं काय कळवायचं ते दादा बघेल. मुलगा चांगला आहे असं मी ऐकतो. त्याच्याबद्दल वाईट बोलू नका.

येत्या रविवारी मी गावी येतो. सोमवारी सकाळच्या गाडीनं पोरीला घेऊन परत येईन. तिला सांग, कपडे थोडे चालतील. सातवीचा दाखला दादाच्या पेटीत आहे. तो आधी काढून ठेव. तो मात्र पाहिजे.

तुझा दीर.